गाडी मागं घेताना

"अगं, रस्ता कुठं गेला?" हे म्हणाले.

रस्ता खरंच नव्हता. त्याच्या जागी कंबरभर खोल चर होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पलीकडे लाल मातीचा ढीग आणि त्यात खोचलेलं फावडं. नळाचे पाइप टाकायला खणलं होतं आणि खणणारे बाजाराचा दिवस म्हणून पाटणला निघून गेले होते. माणूस म्हणून एक दिसत नव्हता.

ह्यांनी खटक्यावरचा हात काढला. गाडी जागच्या जागी थांबली. चढ असा होता, की मी गाडीशेजारी नुसती उभी होते तरी पोटऱ्या ताणल्या जात होत्या. उजव्या हाताला डोंगराची दरड. डाव्या हाताला दरीची कड, तिला कठडा नाही. खाली करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्यांच्या खाली काय आहे ते मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून कधी वाकून बघितलं नव्हतं. वरच्या वाडीला जाताना मी नेहमी दरडीला खांदा घासत चालायची. बाया हसायच्या. हसू देत.

"आता हो?" मी विचारलं.

"आता काय? मागं घ्यायची."

मी दरडीला आणखी खेटले.

आमचे हे म्हणजे नलवडे ड्रायव्हर. उभी हयात एसटीत गेली, तीही घाटात. गाडीला कधी ओरखडा आला नाही. माणसं म्हणायची, नलवडे स्टेअरिंगवर असले की खुशाल डोळे मिटून झोपावं. घरात मात्र ते असले की डोळे उघडे ठेवावे लागत. आवाज एवढा, की दारातलं कुत्रं शेपूट घालून परड्यात जायचं. त्यांच्यापुढं 'पण' हा शब्द मी कधी उच्चारला नाही. माणूस वाईट नव्हता. घाटात सगळं ज्याच्या हातात असतं त्याला घरातही सगळं आपल्याच हातात आहे असं वाटत असावं.

निवृत्तीनंतर साखरेनं त्यांचा उजवा पाय खाल्ला. गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्यात टिपूस काढलं नाही त्यांनी. घरी आले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले, ते बसलेच. मग आमच्या वैजूनं, म्हणजे लेकीनं, पुण्याहून ही बॅटरीवरची स्कूटर पाठवली. चार लहान चाकं, वर खुर्ची, पुढं हँडल. गावात लोक 'अपंगांची गाडी' म्हणायचे. हे तिला नुसतं 'गाडी' म्हणायचे, जसं एसटीला म्हणायचे तसंच.

गाडी पोचवायला आलेल्या माणसानं अंगणात सगळं समजावून दिलं होतं. उजवा खटका दाबला की पुढं, डावा दाबला की मागं. हात काढला की आपोआप ब्रेक. चढावर पुढं झुकून बसायचं. उतार नाकासमोर सरळ उतरायचा, उतारावर गाडी आडवी वळवली की कलंडते. वेगाचं एक बटण होतं, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्याला सशाचं. मागं घेताना कासव ठेवायचं, असं तो दोनदा म्हणाला. हे ओसरीवर बसून छताकडे बघत ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "मला शिकवतोय! मी घाटात गाडी चालवली हाय, जत्रेतल्या पाळण्यात न्हाई."

आणि मग कितीतरी दिवस गाडीला शिवले नाहीत. दुपारी ते झोपले की मी मात्र दार ओढून घ्यायची आणि अंगणात जरा बसून बघायची. का ते विचारू नका. सायकलसुद्धा न चालवलेली बाई मी. पण पंधरवडाभरात मला ती पुढं नेता यायला लागली, मागं घेता यायला लागली, आणि कोंबडी आडवी आली की हात चटकन निघायला लागला. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते जन्मात गाडीवर बसले नसते.

शेवटी बसले ते पिसाळ भाऊजींपायी. पिसाळ हे ह्यांचे कंडक्टर. दोघांनी वर्षानुवर्षं एकच गाडी चालवली. एक पुढं, एक मागं, एका ताटात जेवायचे. भाऊजी वरच्या वाडीत राहायचे आणि त्यांना अर्धांगाचा झटका आल्याचा निरोप आला. ह्यांचा पुतण्या म्हणाला, जीप काढतो, दोघं जण तुम्हाला उचलून बसवतो. हे कडाडले, "उचलून? मी काय युरियाचं पोतं हाय? माझी मी गाडी घिऊन जाईन."

पहिल्याच दिवशी अंगणात गाडी मागं घेताना त्यांनी गोठ्याच्या भिंतीला धडक दिली. म्हणाले, "ब्रेक लागत न्हाई हिचा." मी म्हणाले, "लागतो की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी चुलीकडे निघून गेले. ब्रेक लागत होता हे मला माहीत होतं. त्यांना का लागत नव्हता ते मात्र कळलं नव्हतं.

आणि आता आम्ही या उतारावर होतो.

"मी खाली जाऊन माणसं आणते," मी म्हणाले. "चार जण आले की धरून हळूहळू—"

"चार माणसं माझी मयत काढायला लागत्याल. तवा आण."

"असं बोलू नगा हो."

"मग गप मागं जाऊन हुबी ऱ्हा. शिट्टी येती का तुला?"

"शिट्टी?"

"कंडक्टर मागं हुबा ऱ्हातो, शिट्टी मारतो. ड्रायव्हर गाडी मागं घेतो. ड्रायव्हरनं मान वळवायची नसती."

"पण हितं वळून बघितलं तर दिसंल की."

'पण' म्हणाले मी. भीतीनं निघून गेला शब्द. त्यांचं त्याकडे लक्षच नव्हतं.

"वळून बघतो त्याचा कंडक्टरवर इश्वास न्हाई," ते म्हणाले. "पिसाळ मागं हुबा असला की मी कडंपास्नं दोन बोटं ठिवून गाडी घेतली हाय. शिट्टी येत नसंल तर थाप मार. खुर्चीच्या पाठीवर. दोन थापा म्हंजी येऊ दे. एक थाप म्हंजी थांब. कळलं?"

कळलं होतं. गाडीच्या मागं, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला, मी उभी राहायचं. गाडीचंच वजन माझ्या दुप्पट, वर हे. खालच्या वळणाशी रस्ता जरा रुंद होता, गाडी वळवण्याजोगा, तिथंवर अशीच उलटी पावलं टाकत जायचं. मी गेले. पदर खोचला.  गाडीच्या हँडलवर एकच दिवा लुकलुकत होता, बॅटरी संपत आल्याचा. चढानं ती खाल्ली होती.

"अहो, ते कासवाचं बटण—"

"थाप!"

मी दोन थापा मारल्या.

गाडी पीं पीं करत मागं यायला लागली. रिव्हर्सला ती अशी ओरडायची. सरळ येत होती, खोटं कशाला बोलू? हातात कसब होतं माणसाच्या. मी एक पाऊल मागं, गाडी एक हात मागं. मी दरडीकडे बघत होते, मग कडेकडे, मग माझ्या पायांकडे. खडी पायाखालून सरकत होती. मनात म्हटलं, आई यमाई, वळणापर्यंत ने, नारळ फोडते.

मग डावं चाक खडीवर घसरलं असावं. गाडीचं मागचं अंग कडेकडे झुकलं. फार नाही, वीतभर. पण कड तरी कुठं फार लांब होती?

मी एक थाप मारली.

गाडी थांबली नाही.

मी पुन्हा मारली, जोरात. "थांबा! अहो, थांबा!"

पीं पीं पीं. गाडी थांबायची सोडून जोरात यायला लागली. मी दरडीच्या बाजूला उडी मारली म्हणून वाचले, खुर्चीचा कोपरा माझ्या कमरेला घासून गेला. आणि बाजूला झाल्यावर मला ह्यांचं तोंड दिसलं. आयुष्यात तसं तोंड मी बघितलं नव्हतं. दात आवळलेले, डोळे विस्फारलेले, नजर समोर डोंगरावर. "लागंना," ते म्हणत होते, "अगं, लागंना, ब्रेक लागंना!"

मी खाली बघितलं.

पायजम्याचा रिकामा पाय हलत होता. खाली दाबला जात होता. वरून मांडी नेट लावत होती, जीव खाऊन, पुन्हा पुन्हा, आणि खाली हवा. जो पाय दवाखान्यातच राहिला त्या पायानं हे ब्रेक दाबत होते. आणि पाय दाबायला अंगातला सगळा जोर लावत होते, तो जोर हातात उतरत होता, आणि डाव्या हातानं खटका मुठीत आवळून धरला होता. जेवढे घाबरत तेवढा घट्ट. जेवढा घट्ट तेवढी गाडी मागं.

उभी हयात घाटात काढलेलं अंग ते. थांबायचं म्हणजे दाबायचं, एवढंच त्याला ठाऊक. सोडलं की थांबतं, हे कानांनी ऐकलं होतं. अंगाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सोडा!" मी ओरडले. "हात सोडा!"

ऐकू कुठलं जातंय? मागचं डावं चाक कडेच्या मातीवर आलं. एक दगड निखळला आणि करवंदीत खडखडत गेला. तो खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही.

मी खुर्चीचा दांडा एका हातानं धरला, त्यांच्या मांडीवरून आडवी झाले आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या मुठीवर मारलं. एकदा मारलं, सुटेना. मग होता नव्हता तेवढा जोर लावून मारलं.

मूठ उघडली.

गाडी जागच्या जागी थांबली. पींपीं बंद झालं. इतकं शांत झालं, की दरडीवरून घरंगळणाऱ्या खड्याचाही आवाज आला.

मी तशीच त्यांच्या मांडीवर पालथी पडून होते. उठायची भीती वाटत होती. माझ्या हलण्यानं गाडी गेली तर? हळूहळू सरकत दरडीच्या बाजूला आले आणि मग मागं बघितलं. चाकाचा अर्धा भाग मातीवर होता. अर्धा नव्हता.

ह्यांना मी मारलं होतं, हे त्यानंतर डोक्यात शिरलं. चाक अजून कडेवर आणि मला भीती वाटायला लागली ती वेगळीच. सांगायला नको, पण सांगते. ह्यांच्या हातचा मार मी खाल्लेला होता. नवीन होते तेव्हा, आणि मग मधूनमधून, वैजू मोठी होईपर्यंत. एकदा तर तोंडातला घास खाली पडला होता. माझा हात त्यांच्यावर उठेल असं मात्र मला स्वप्नातही आलं नव्हतं. नवऱ्यावर हात टाकलेली बाई आमच्या गावात कुणी बघितलेली नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. आता कडाडतील म्हणून खांदे आपसूक वर आले होते.

ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मनगटावर रक्त आलं होतं. काचेचे हिरवे तुकडे मांडीवर पडले होते.

"बांगड्या वाढल्या तुझ्या," ते म्हणाले.

फुटल्या म्हणाले नाहीत. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणायचं नसतं. कडेवर अर्धं चाक ठेवून बसलेल्या माणसानं तेवढं जपलं, आणि मला एकदम रडूच आलं. पण रडायला वेळ कुठं होता?

"उजवा खटका दाबा," मी म्हणाले. "जरासाच. सरळ पुढं."

त्यांनी दाबला. गाडी पुढं सरकली, चाक रस्त्यावर आलं. त्यांनी हात काढला, ती थांबली. मी वाकून एक मोठा धोंडा मागच्या चाकाला लावला, तेव्हा कुठं श्वास सोडला.

"मी पाय दाबला," ते खालच्या आवाजात म्हणाले. त्यांच्या तोंडून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "देवाशप्पत सांगतो. तळवा टेकला पेडलला. टाच टेकली. मला लागला तो पाय."

"व्हय."

"न्हाई तो?"

मी पायजम्याची सुटलेली घडी उचलली आणि पुन्हा वर पिन लावली. ते बघत राहिले. मग तोंड फिरवलं, खांदे हलायला लागले. दवाखान्यात जे रडायचं राहिलं होतं ते या माणसानं त्या उतारावर रडून घेतलं. मी दरडीला टेकून उभी राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण नुकताच मारलेला हात तो. ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बॅटरी जायची," म्हणाले. "चल. मागं हुबी ऱ्हा."

"न्हाई."

त्यांनी वर बघितलं.

"मी मागं न्हाई हुबी ऱ्हायची," मी म्हणाले.  "मी पुढं ऱ्हाते. मला तुमच्या मागचा रस्ता दिसतो आणि तुमाला मी दिसते. तुमी माझ्याकडं बघायचं."

"कंडक्टर मागं असतो."

"मी कंडक्टर न्हाई."

 मी हात पुढं करून वेगाचं बटण कासवावर आणलं. विचारलं नाही. एवढा धीर मला कुठून आला कोण जाणे. धीर नव्हताच तो, भीतीच होती. फक्त ह्यांच्या भीतीपेक्षा कडेची भीती मोठी झाली होती.

"चालवली हायेस तू ही," ते म्हणाले. "बटण न शोधता लावलंस."

"दुपारची. तुमी झोपल्यावर."

"मागं घ्यायला येतीया?"

"येतीया."

ते वर डोंगराकडे बघत बसले. पिसाळ भाऊजींचं घर तिथून दिसत होतं, कौलांतून धूर निघत होता. आम्ही त्यांच्याकडे गेलो ते पुढच्या आठवड्यात, जीपनं, आणि ह्यांनी मुकाट्यानं स्वतःला उचलू दिलं. पण ते पुढचं.

मग त्यांनी डावा हात खटक्यापाशी नेला आणि तिथंच थांबवला.  

"अंगाला कळत न्हाई गं," ते म्हणाले. "भ्यालं की ते आवळतंयच. परत आवळलं, तर परत हान."

"काय?"

"हातावर. मघासारखं. इचारत बसू नगं, हान."

मी चाकामागचा धोंडा काढला आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिले. एक हात हँडलवर, दुसरा तयार. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खटका दाबला. पीं पीं करत गाडी मागं निघाली, मी तिच्यासोबत खाली उतरत गेले. कड जवळ आली की मी म्हणायची "सोडा." पहिल्यांदा त्यांनी सोडलं. दुसऱ्यांदाही सोडलं. मग चाकाखाली खडी सरकली आणि रिकामा पायजमा पुन्हा खाली दाबला गेला.

खाली वळणावर पोचेपर्यंत मी त्यांना आणखी तीनदा हाणलं. तिसऱ्या वेळी गाडी थांबलेलीच होती, आणि ते मला दिसत होतं.